गल्लीचा आवाज कुणी दाबला?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'आपल्या क्षेत्रातले अनुभव' मागितले आहेत. माझं क्षेत्र म्हणजे लोकांची छपरं. जाफराबाद तालुक्यात कुणाच्या गच्चीचा कठडा हलतो, कुणाचा पत्रा उन्हाळ्यात चपलेतूनही चटका देतो आणि कुणाच्या घरी चहा खाली उतरल्यावर मिळतो की वरच धाडतात, हे मला तोंडपाठ आहे. वय अठ्ठावीस. या वयात आठवणी लिहायला बसणाऱ्या माणसाकडे एकतर अनुभव फार असतो, नाहीतर अक्कल फार उशिरा आलेली असते. मी दुसऱ्या गटातला.

माझं आणखी एक क्षेत्र आहे, पत्रकांचं. रेशनचं रॉकेल, भारनियमन, स्टँडवरची मुतारी, जे दिसेल त्यावर मी पिवळ्या कागदावर पत्रक काढलेलं आहे. प्रत्येकाची सुरुवात 'जाहीर सवाल' अशी आणि शेवट 'अन्यथा' या शब्दानं. अन्यथा काय, ते कधी ठरलेलं नसे. गावात मला पुढारी म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

पोट मात्र छत्रीवर. छत्री म्हणजे छपरावर लावतात ती टीव्हीची डिश. ती आभाळातून जे पकडते ते वायरीनं खाली डब्यात, म्हणजे सेट-टॉप बॉक्समध्ये, येतं आणि डब्यातून तीन वायरी टीव्हीत जातात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. म्हणजे चित्र आणि आवाज शेवटच्या हातभर अंतरात वेगवेगळ्या रस्त्यांनी चालतात. त्यामुळे चित्र लख्ख आणि आवाज गायब, असं होऊ शकतं. हे गिऱ्हाइकाला काही केल्या पटत नाही. "माणूस दिसून राह्यला, तोंड हालवून राह्यला, मंग बोलत का न्हाई?" असं मला विचारलेलं आहे, जणू मीच त्या माणसाला गप्प बसायला सांगितलं. एकदा ते खरंही निघालं. तीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी दोन रिमोटांचं सांगतो.

आवाजाला आवर दोन ठिकाणी असतो. एक डब्याच्या रिमोटवर, एक टीव्हीच्या. गच्चीवरच्या टाकीचा कॉक आणि खाली मोरीतली तोटी, असं समजा. कॉकच बंद असेल तर तोटी कितीही पिळा, पाणी येत नाही. घरोघर लोक कॉक बंद करायचे आणि तोटीला शिव्या द्यायचे. म्हणून माझे उस्ताद साबळेमामा यांनी एक पद्धत पाडली होती. छत्री बसवली की डब्याचा आवाज पूर्ण सोडून द्यायचा, डब्याच्या रिमोटवरच्या आवाजाच्या बटणांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवायचा आणि घरच्या बाईला बजावायचं, "ताई, ही पट्टी काढायची न्हाई. आवाज वाढवा, कमी करा, टीव्हीच्याच रिमोटनं."

साबळेमामांचं दुकान जाफराबादेत स्टँडसमोर. रेडिओच्या काळापासून ते तुटल्या वायरींना कथलाचा डाग देणारे. साठीला आल्यावर त्यांना छत्र्यांची एजन्सी मिळाली, तोवर गुडघे गेले होते. म्हणून मामा दुकानात आणि मी छपरावर. मामांचा एक प्रश्न होता. कुठल्याही घरात गेलं की पेचकस काढायच्या आधी विचारायचं, "शेवटचा हात कुणाचा लागल्ता?" उत्तर कायम एकच यायचं, "कुणाचाच न्हाई." मग मामा मला बाजूला घेऊन म्हणायचे, "कुणाचाच न्हाई म्हणले की समजायचं, घरातलाच हाय."

मला तो प्रश्न बिलकुल आवडायचा नाही. आधीच नाडलेल्या माणसाला वर आरोपी केल्यासारखं वाटायचं. माझ्या मते शेवटचा हात कायम वरच्यांचा असतो. वर कोण, ते पत्रक लिहिता लिहिता सापडतं.

परतूरकडच्या आष्टीतल्या एका व्यापाऱ्याच्या टीव्हीतून घूं असा आवाज येत होता. मामांच्या ओळखीचा माणूस, म्हणून जिल्ह्याचं पार दुसरं टोक असूनही मी गेलो. वायरी बदलल्या, डबा बदलला, घूं कायम. मग मी तिथंच बसून वीज कार्यालयाला दोन पानी अर्ज लिहिला. निकृष्ट अर्थिंग, ग्राहकांच्या कानांशी खेळ, अन्यथा. व्यापाऱ्यानं आनंदानं सही केली. पुढच्या आठवड्यात मामा स्वतः माझ्याबरोबर आले. गुडघे चोळत बसले आणि टीव्हीचं बटणच बंद केलं. घूं चालूच. मागच्या भिंतीला नवी पिठाची गिरणी लागली होती.

"पण टीव्ही लावल्यावर जास्त जाणवतं हो," व्यापारी म्हणाला.

परतीला आम्ही जीपनं निघालो. परतूर मागं पडल्यावर मामा म्हणाले, "अर्ज चांगला होता विलास. गिरणीवाल्याला देऊन टाक."

अंबडला एका वकिलांच्या घरी उलटी तक्रार. आवाज होता, पण मराठीही नाही, हिंदीही नाही. त्यांची आई दिवसभर वाघसिंहांची वाहिनी बघायची, आणि त्या वाहिनीचा आवाज एकाच वेळी चार भाषांत येतो. रिमोटवरचं भाषेचं बटण दाबलं गेलं की तमिळ लागतं. म्हातारीनं महिनाभर वाघ तमिळमध्ये बघितले होते. दक्षिणेकडच्या भाषा लादण्याविरुद्ध मनात मथळा तयार करत मी बटण दाबलं, हिंदी लागलं. आजी पाच मिनिटं ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बरं होतं बाबा. मला वाटायचं जंगलाचीच भाषा हाय. आता कळून राह्यलं, हा उगंच बडबडतो." मी परत तमिळ लावून दिलं. त्या घरात माझं अजून नाव आहे.

आता गल्लीचं.

बाजारपट्टीच्या मागं एक गल्ली आहे, घराला घर चिकटलेलं. एका घरात कुकरची शिट्टी झाली की चार घरं मोजतात. तिथल्या चौदा घरांत मामांच्या दुकानातले डबे, एकाच खेपेत आलेले, मीच बसवलेले. गल्लीच्या मधोमध शेषराव गुरुजींचं घर. गल्लीतल्या तीन पिढ्यांना पाढ्यांची भीती घातली ती त्या एका माणसानं. एके दिवशी सकाळी गुरुजी गेले.

त्याच सकाळी मी भारनियमनाविरुद्धच्या धरण्यासाठी जालन्याला निघालो होतो. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, माझ्या एका काखेत फलकांची गुंडाळी, खिशात ते फलक चिकटवायची लाल चिकटपट्टी. गुरुजींच्या दाराशी हात जोडून निघालो, तर शेजारच्या सिंधूकाकूंनी मला दारातच गाठलं.

"विलास, टीव्हीचं कसं रं करावं?" त्यांनी हळूच विचारलं.

आमच्याकडची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसेल. गल्लीत मयत झाली की तेरा दिवस टीव्हीचा आवाज भिंतीबाहेर जाता कामा नये. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलं तर लोक पुढची तेरा वर्षं तेच उगाळतात. मात्र सुतक आवाजाला असतं, चित्राला नसतं. हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"बंद ठेवा की काकू."

"ठेवलं असतं रे. पण त्या मालिकेतल्या पोरीचं लग्न ह्याच हप्त्यात हाय. चार महिने झाले, लागता लागून न्हाई राह्यलं."

"मंग आवाज कमी करून बघा."

"मी करीन. पण घरातल्या पोरांचं काय? क्रिकेट लागलं की रिमोट दाबत बसतेत. भिंतीपल्याड गुरुजींची बायको बसलीय. तू असं काही तरी कर, की कुणी कितीबी दाबलं तरी आवाज निघू नये."

मला ही मागणी फार आवडली. मी डब्याच्या रिमोटवरची मामांची काळी पट्टी काढली, आवाज शून्यावर नेला आणि काळी पट्टी परत चिकटेना म्हणून खिशातली लाल पट्टी डकवली. टाकीचा कॉक बंद. आता टीव्हीची तोटी कुणीही पिळावी.

"तेरा दिवस बिनघोर राहा," मी म्हणालो.

मी बाहेर पडेपर्यंत शेजारची बाई रिमोट घेऊन दारात उभी. मग तिच्या पलीकडची. जीपवाला शिव्या देत होता आणि मी दारोदार लाल पट्ट्या चिकटवत चाललो होतो. चौदा घरं, फार तर पाऊण तास. गुरुजींना त्या गल्लीत इतकी शिस्तबद्ध शांतता जिवंतपणी कधी मिळाली नसेल. मी जीपमध्ये चढलो, घोषणा सुरू झाल्या आणि गल्ली माझ्या डोक्यातून साफ गेली. तुम्ही म्हणाल, चौदा घरं कशी विसरतो माणूस? विसरतो. दिवसभर दुसऱ्यांनी काय केलं तेच मोजत बसलं की आपण काय केलं ते मोजायचं राहून जातं.

पंधराव्या दिवशी घसा बसवून परत आलो. स्टँडवर उतरतो तोच गल्लीतला एक जण म्हणाला, "पुढारी, आमच्याकडं सगळ्यांचेच डबे मुके झाले. चौदाच्या चौदा."

चौदाच्या चौदा. एकाच खेपेचे. माझ्या डोक्यात मथळा आधी उमटला आणि विचार नंतरही आला नाही. मामा त्या वेळी अंबडला लेकीकडे गेले होते, नाहीतर त्यांनी प्रश्न विचारला असता. मी वही घेऊन सह्या गोळा करायला गल्लीत गेलो. एकाही घरात टीव्हीकडे बघितलं नाही. सिंधूकाकू काहीतरी सांगायला लागल्या, तर मी म्हणालो, "काकू, मला सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त सही करा."

पत्रक पुढीलप्रमाणे होतं. जपून ठेवलं आहे, शिक्षा म्हणून.

'जाहीर सवाल! गल्लीचा आवाज कुणी दाबला? चांगला माल पुण्या-मुंबईला आणि मुका माल मराठवाड्याला? रस्त्यांचा अनुशेष होता, पाण्याचा अनुशेष होता, आता आवाजाचाही अनुशेष! एकाच खेपेचे चौदा डबे एकाच वेळी मुके होतात, हा योगायोग की कट? बुधवारी सकाळी सर्वांनी आपापले डबे रिमोटसह परत करावेत. अन्यथा!'

आणि त्याखाली, 'स्थळ : साबळे यांचे दुकान, स्टँडसमोर.'

माझी लढाई जालन्याच्या वितरकाशी होती, ज्याच्याकडून मामांना माल यायचा. मामांचं दुकान म्हणजे मला आपला किल्ला वाटत होता. पण छापखानेवाल्यानं स्थळ ठळक अक्षरांत टाकलं, आणि आमच्याकडे लोक पत्रकाची वरची ओळ वाचतात आणि एकदम खालची. मधलं माझ्यासाठी असतं. वर 'आवाज कुणी दाबला?' आणि खाली 'साबळे'. सवालाला जबाब मिळाला. दोन दिवसांत भोकरदनपासून जालन्यापर्यंत पत्रक पोचलं, कारण माझे धरण्यातले मित्र या एकाच कामात तरबेज होते.

मंगळवारी मामा अंबडहून परतले. मी दुकानात गेलो तेव्हा ते फोन ठेवत होते.

"वितरकाचा माणूस येऊन राह्यला उद्या," ते म्हणाले. "म्हणतो, तुमच्या नावानं बोंब झाली, एजन्सी दुसऱ्याला देऊ."

"मामा, आपण लढू."

"कुणाशी?"

मी कुणाशी ते सविस्तर सांगायला लागलो. मामांनी ऐकून घेतलं. मग आपल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "विलास, एजन्सी गेली तर मी परत रेडिओ खोलायचे का? गावात रेडिओ राह्यलेत किती?" त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला उत्तर सुचलं असतं.

बुधवारी माझ्या आवाहनाला इतका प्रतिसाद मिळाला, जितका त्याआधी कधी मिळाला नव्हता. चौदाच्या चौदा घरं आली. कुणी डबा टॉवेलात गुंडाळून, कुणी भाजीच्या पिशवीत. वितरकाचा माणूस इस्त्रीच्या शर्टात स्टुलावर बसला होता, हातात माझं पिवळं पत्रक. मी दाराशी छाती काढून उभा.

पहिला डबा सिंधूकाकूंचा. मामांनी तो दुकानातल्या टीव्हीला जोडला. चित्र आलं. आवाज नाही. गर्दीत कुजबुज झाली आणि मी वितरकाच्या माणसाकडे असं बघितलं, की बघा.

मामांनी हात पुसले. "सिंधूताई, शेवटचा हात कुणाचा लागल्ता?"

मी मनात म्हटलं, आता 'कुणाचाच न्हाई' येईल.

"ह्याचाच की," सिंधूकाकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ह्यानंच तर बंद केल्ता, गुरुजी गेले तवा."

मामांनी पिशवीतून रिमोट काढला. लाल पट्टी. शेजारच्या बाईच्या पिशवीतून दुसरा रिमोट. लाल पट्टी. तिसरा. मामा एकेक रिमोट गल्ल्यावर ओळीनं मांडत गेले. चौदा लाल पट्ट्या. त्या दिवसापर्यंत तो रंग मला क्रांतीचा वाटत होता.

"ही पट्टी आपल्या दुकानातली न्हाई," मामा म्हणाले. मग त्यांनी सिंधूकाकूंच्या रिमोटवरची पट्टी नखानं सोलली आणि बटण दाबून धरलं. दुकानात एकदम सनई वाजायला लागली. मालिकेतल्या पोरीचं लग्न अजून चालूच होतं.

"मंग काकू, तुम्ही सांगितलं का नाही मला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"सांगाया गेल्ते की. तू म्हणलास, मला सगळं माहीत हाय, सही करा. अन् मला वाटलं, तूच तेरा दिवसांचं लावून दिलंय त्यात. तेरावं झालं की आपोआप खुलंल. चौदाव्या दिवशी खुललं न्हाई, तवा म्हणलं, बिघडलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "पुढाऱ्याचं सुतक जास्त दिवसांचं असतं." मग सगळी गल्ली हसली. इतके लोक माझ्यामुळे एकत्र हसल्याचा तो पहिलाच प्रसंग. बायका आपापले रिमोट उचलून पट्ट्या सोलत घरी निघाल्या. एकीनं लाल पट्टी माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटवून दिली.

वितरकाचा माणूस मात्र हसला नाही. "साबळे, हा तुमचाच माणूस ना?"

मामा म्हणाले, "माझाच हाय. छपरावर चढायला शिकवलं बराबर. कान द्यायला शिकवायचं राह्यलं."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण हे जालन्यात वाटलं गेलं. आठवडी बाजाराच्या आत खुलासा छापून आला पाहिजे. न्हाई तर मला वरती सांगावं लागेल."

तो माणूस गेल्यावर मी तिथंच बसून लिहायला घेतलं. मथळा, 'जाहीर माफीनामा!' त्याखाली पूर्ण पान. माझ्या अंतःकरणात उसळलेलं वादळ होतं, चळवळीच्या नैतिकतेपुढचे प्रश्न होते, साबळेमामांची हयातभराची तपश्चर्या होती, आणि आपली व्यवस्था तरुणांना इतकं उतावीळ का बनवते यावर एक परिच्छेद होता. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"आवाज लई मोठा हाय ह्याचा," ते म्हणाले. "कमी कर."

मी अर्धं पान केलं. मामांनी वाचलं आणि परत दिलं. "अजून."

व्यवस्था काढली. वादळ काढलं. तपश्चर्या काढताना मामाच म्हणाले, "हां, ते काढ. लोक म्हणतील म्हातारा मेला." शेवटी एवढंच उरलं : 'बाजारपट्टीमागच्या गल्लीतले डबे चांगले होते व आहेत. दुखवट्यासाठी आवाज डब्याच्या रिमोटवर बंद केला असेल, तर तो तिथूनच परत सोडावा. तो आपोआप सुटत नाही.'

"आता बराबर," मामा म्हणाले. त्यांनी कागदाच्या तळाला, जिथं आधी त्यांच्या दुकानाचं नाव छापलं गेलं होतं, तिथं पेन टेकवलं, 'शेवटचा हात' असं लिहून पुढं दोन ठिपके दिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. पेनही.

मी वर बघितलं. मामा सिंधूकाकूंनी मागं सोडलेल्या पिशवीची घडी घालत होते.

एजन्सी अजून मामांकडेच आहे, हे सांगून टाकतो. मी अजून त्यांच्याच छपरांवर आहे, आणि घरात शिरलो की आधी तो प्रश्न विचारतो. कुणी 'कुणाचाच न्हाई' म्हणालं तर पहिल्यांदा आठवून बघतो, आपण इथं कधी आल्तो का.

त्या दुपारी कागद घेऊन छापखान्यात गेलो. छापखानेवाल्यानं मजकूर वाचला, मग तळाची 'शेवटचा हात : विलास' ही ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पुढारी, ही खालची ओळ पण ठळक टाकू का, मागच्यासारखी?"

"टाका," मी म्हणालो.